माहेरचं हाड

बार्शीच्या बाजारपेठेत झरकरांचं बांगड्यांचं दुकान कुठं, असं कुणालाही विचारा, हातातलं काम सोडून दाखवायला येईल. हल्ली फोनवरून हाताचा फोटो पाठवला की मापाच्या बांगड्या छापून घरपोच येतात. पण लग्नाचा चुडा अजून कासाराच्याच हातून भरायचा असतो, आणि बार्शीतल्या नवऱ्या मुली त्यासाठी उज्ज्वला झरकरकडंच येतात. बाई तोंडानं तिखट, पण हाताला भलती हलकी. चार आंबट-गोड गोष्टी बोलत बोलत ती बोटांची मोळी करते, अंगठ्याचं मूळ हळूच दाबते आणि बांगडी मनगटावर सरकवते. नवरीला पत्ताच लागत नाही.

त्या दिवशीही एका नवरीचा डावा हात तिच्या हातात होता. तेवढ्यात पुण्याच्या डॉक्टर रझिया तांबोळींचा फोन आला. उज्ज्वलानं तो कानाशी खांद्यानं दाबून धरला.

"उज्ज्वलाताई, नंबर लागला. रेवाला औषध मिळणार."

या एका वाक्यासाठी या बाईनं किती उंबरे झिजवले ते सांगत बसलो, तर गोष्ट तिथंच संपायची. मंत्र्यांच्या दारात बसली, परदेशी कंपन्यांना पत्रं धाडली, अशाच आजाराच्या मुलांचे आईबाप राज्यभरातून गोळा केले आणि त्यांची संघटना काढली. आणि आता नंबर लागला, तर तिनं काय करावं? नवरीचा हात सोडला नाही. शेवटची बांगडी भरली, नवरीचा नमस्कार घेतला, आणि मग मागच्या खोलीत जाऊन पदरात तोंड खुपसून मनसोक्त रडली. डोळे पुसून बाहेर आली ती थेट पेढे आणायला निघाली.

पेढ्यांचा बॉक्स हातात असतानाच रेवाचा, तिच्या मुलीचा, बंगळूरहून फोन आला.

"आई, माझी निवड झाली."

"कसली गं?"

"चंद्राभोवतीच्या ठाण्यावर जायची. वर्षभरासाठी."

"बरं बरं, ते बघू नंतर. आधी माझं ऐक. औषध मिळालं तुला."

उज्ज्वलाला वाटलं, पोरगी आता आनंदानं रडणार.

"आई," रेवा म्हणाली, "दोन्ही एकदम नाही व्हायचं."

*

आता थोडं मागं जायला हवं, नाहीतर हे औषध कशाचं आणि रडारड कशाची, हे कळायचं नाही.

रेवा जन्मली तेव्हा गुटगुटीत होती. पण तिची टाळू काही भरेना. शाळेत जायची वेळ आली तरी तेल लावताना बोटाला डोक्यावरचा मऊ खळगा लागायचा. बोटं आखूड, शेंड्यांना बोथट. मग एकदा ती दुकानाच्या पायरीवरून घसरली आणि मांडीचं हाड गेलं. ते जुळून येतंय तोवर नडगी. कासाराच्या घरात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. उज्ज्वलानं तीच रीत लेकीच्या हाडांना लावली. ‘हाड मोडलं’ हे शब्द त्या घरात कुणी उच्चारायचे नाहीत.

सगळ्यांना वाटलं, हाडं ठिसूळ असतील, चुना कमी पडत असेल. एक्स-रे काढला तर उलटंच. हाडं पांढरीफेक, नको तितकी घट्ट. मग मोडतात कशी? तेव्हा नव्यानंच पुण्यात आलेल्या तांबोळीबाईंनी उज्ज्वलाला समोर बसवून नीट समजावलं.

"हाड म्हणजे सिमेंटचा खांब नाही, ताई. ते जिवंत असतं. रोज थोडं खणलं जातं, रोज थोडं भरलं जातं. खणणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. खणणारी पेशी हाडाला चिकटून बसते आणि आम्ल सोडून त्यातला चुना विरघळवते. पण चुना गेला तरी खाली प्रथिनांच्या चिवट दोऱ्या उरतात. त्या कापायला कात्री लागते. आपल्या पेशींमध्ये लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्या असतात. जुनं, मोडकं, नको असलेलं तोडून टाकायचं काम तिथं चालतं, आणि तसल्या कात्र्या त्याच पिशव्यांत असतात. हाडाच्या दोऱ्या कापणारी कात्री म्हणजे कॅथेप्सिन के. हे एक एन्झाइम आहे. रेवाच्या शरीरात ते तयारच होत नाही."

"मग चांगलंच की. कापलंच जात नाही तर हाड टिकलं पाहिजे."

"आपल्याकडं रस्ते कसे करतात? जुना न उकरता वरून डांबर ओततात. रस्ता जाड होत जातो, पण खालच्या भेगा तशाच राहतात. एक दिवस वरून गाडी जाते आणि सगळंच खचतं. रेवाच्या हाडांत तेच होतंय. जुनं निघतच नाही, म्हणून नव्याला जागा नाही."

हे मात्र उज्ज्वलाला लगेच कळलं. रस्त्याचं उदाहरण दिलं की आपल्याकडं कुणालाही विज्ञान कळतं.

"आणि कात्री जास्त चालली तर?"

"तर म्हातारपणी हाडं पोकळ होतात. ते तुम्ही घरोघरी बघताच. कात्री कमी झाली तरी आजार आणि जास्त झाली तरी आजार." मग डॉक्टरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं आहे का?"

होतं. उज्ज्वलाचा नवरा नंदकुमार तिचा सख्खा आतेभाऊ. शकुंतलाआत्या ही वैरागच्या खर्ड्यांची लेक, झरकरांच्या घरात दिलेली. तिच्या धाकट्या भावाला मुलगी झाली तेव्हाच, म्हणजे उज्ज्वला पाळण्यात असतानाच, आत्यानं जाहीर करून टाकलं होतं, ही माझ्या नंदूची. मामाची मुलगी करायची, ही आपल्याकडची लाडकी रीत. हुंडा नको, चौकशी नको, मुलगी आपलीच. तांबोळीबाईंनी सांगितलं की खर्ड्यांच्या कुण्या पूर्वजात या कात्रीचा आराखडा एका ठिकाणी बिघडला होता. प्रत्येकाजवळ आराखड्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडली तरी दुसरीवर काम भागतं. बिघडलेली प्रत आत्याकडून नंदकुमारकडं आली, आत्याच्या भावाकडून उज्ज्वलाकडं आली, आणि दोन्ही बिघडलेल्या प्रती नेमक्या रेवाच्या वाट्याला गेल्या.

उज्ज्वला पुण्याहून आली ती पिशवीसुद्धा खाली न ठेवता आत्यासमोर उभी राहिली. "तुमच्या हौसेपायी माझ्या लेकराची हाडं मोडतायत," म्हणाली. त्या घरात तो शब्द उच्चारला गेला तो तेवढ्याच एका वेळी. आणि त्यानंतर ती आत्याशी बोलायचीच थांबली. एकाच घरात, एकाच दुकानात. "आत्यांना म्हणावं, चहा झालाय," असं ती नवऱ्याला सांगायची, आत्या समोर बसलेली असताना. आत्याही काही कमी नव्हती. "तिला म्हणावं, साखर कमी हाय." बिचारा नंदकुमार दोघींच्या मधे टपाल वाटत म्हातारा झाला.

लोकही काय चीज असतात. पोरगी कुबड्या घेऊन दिसली की हळूच विचारायचे, हे आलं हो कुठून? उज्ज्वला म्हणायची, सासरकडून. आत्या म्हणायची, सुनेकडून. दोघी एकाच घरच्या लेकी आहेत हे बोलताना दोघींच्याही लक्षात नसायचं.

*

रेवा दोन दिवसांनी बार्शीत आली. सव्वाचार फूट उंची, ताठ मान, चालताना जमिनीकडं बघायची सवय. बंगळूरला ती अवकाश ठाण्यांच्या यंत्रहातांचं काम करायची. ठाण्याच्या बाहेरच्या बाजूला एक लांब यंत्रहात असतो, तो सामान उचलतो, दुरुस्त्या करतो. त्या हाताचं नवं मनगट रेवानं घडवलेलं होतं. स्वतः वर जाण्यासाठी तिनं तीनदा अर्ज केला होता आणि तीनदा तो हाडांपायी परत आला होता.

"मग आता कसं काय बोलावलं?" उज्ज्वलानं विचारलं. पेढ्यांचा बॉक्स मधे तसाच पडला होता.

"त्याच हाडांपायी." रेवा हसली. "वर वजन नसतं ना, आई. शरीराला वाटतं, आता एवढी हाडं कशाला हवीत. खणणाऱ्या पेशी चेकाळतात, भरणाऱ्या सुस्तावतात. महिन्याला शंभरातला एक भाग जातो, कधी जास्तच. वर्षभर राहून आलेला माणूस कमरेनं म्हातारा होऊन येतो. आणि विरघळलेला चुना मूत्रपिंडात जाऊन खडे होतात. ती कात्री बंद करायचं औषध करून पाहिलं, पण ते हाडांपुरतं थांबलं नाही. अंगात तिच्या बहिणी आहेत, दुसऱ्या कात्र्या, दुसरी कामं करणाऱ्या. त्याही बोथट झाल्या आणि माणसं भलत्याच दुखण्यानं आजारी पडली. आता त्यांना असं माणूस हवंय, ज्याच्यात नेमकी तेवढी एकच कात्री नाही आणि बाकी सगळं धडधाकट आहे."

"म्हणजे प्रयोगाचा उंदीर म्हणून नेतायत तुला."

"आधी तसंच म्हणाले होते. मी सांगितलं, उंदीर म्हणून येणार नाही. मनगट मी केलंय, बसवायला मी येईन. माझी हाडं माझ्याबरोबर येणारच आहेत, ती काय तपासायची ती तपासा. महिनाभर विचार केला त्यांनी. आता यादीत माझ्या नावापुढं अभियंता लिहिलंय."

‘शाब्बास’ हा शब्द उज्ज्वलाच्या ओठांवर आला. पण तिनं तो गिळला. आई होती ती.

"औषध घे आणि मग जा."

"औषध म्हणजे काय, ठाऊक आहे ना? अस्थिमज्जा काढणार, त्यात नीट आराखडा घालणार आणि परत आत सोडणार. चार-सहा महिने दवाखाना. मग कात्री येणार. कात्री आली की वर माझीही हाडं सगळ्यांसारखी विरघळणार."

"मग पुढच्या वर्षी जा."

"यान याच ऑक्टोबरात निघतंय."

"मग परत आल्यावर औषध घे."

ते व्हायचं नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. औषधाच्या चाचणीत तिशीच्या आतलेच लोक घेत होते, आणि रेवाला डिसेंबरात तीस वर्षं पूर्ण होणार होती. यान धरलं तर औषध गेलं. कदाचित कायमचं.

"इथं तुला धड चालता येत नाही, रेवा. तिथं जाऊन काय करणार आहेस?"

"तिथं चालायचंच नसतं, आई."

हसण्यासारखं बोलली, पण हसली नाही. मग हळूच म्हणाली, "आजवर सगळ्यांनी माझ्यात काय नाही तेवढंच मोजलं. डॉक्टरांनी, निवड समितीनं. त्यांचं मला काही वाटत नाही. पण तूही तेवढंच मोजलंस." आणि भिंतीला हात लावत लावत जिना चढून गेली. उज्ज्वला उठली, तिला धरायला दोन पायऱ्या वरही गेली, आणि मग तिचे पाय तिथंच थबकले.

*

त्यानंतरचा आठवडा घरात कुणी कुणाशी बोललं नाही. आत्या आणि उज्ज्वला बोलत नव्हत्याच, आता उज्ज्वला आणि रेवाही बोलेनात. नंदकुमारवर टपालाचा ताण भलताच वाढला, म्हणून तो बांगड्यांचा माल आणायचं निमित्त काढून दिवसभर सोलापूरला पळाला. आणि त्या दिवशीच घोटाळा झाला.

दुकानात गिऱ्हाईक आलं, त्याला हिरव्या काचेच्या बांगड्या हव्या होत्या. डबा सगळ्यात वरच्या फळीवर. उज्ज्वला तिथंच, हाताच्या अंतरावर. आत्यानं साधं "गं, तेवढा डबा दे" म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण निरोप न्यायला नंदकुमार नव्हता, आणि सुनेशी थेट बोलायचं म्हणजे एवढ्या वर्षांची हार. ऐंशी पार केलेली शकुंतलाआत्या लुगड्याचा काष्टा सावरून स्टुलावर चढली.

स्टूल कलंडलं. आत्या कमरेवर शहाबादी फरशीवर आदळली, आणि मागून डबाही आला. दुकानभर काच झाली.

"आत्या, हलू नका," उज्ज्वला धावली. "अजिबात हलू नका."

"हलू नको काय? काचा बोचत्यात मला."

रेवा मागच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिला काचांमध्ये बसलेल्या दोन बायका दिसल्या, आणि त्या एकमेकींशी बोलत होत्या.

दवाखान्यात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की खुबा गेला. या वयात खुबा गेला की माणूस अंथरूण धरतं, आणि पुढचं कुणी बोलत नाही. तरुण डॉक्टर एक्स-रे घेऊन आला आणि वेड्यासारखा बघत राहिला. खरचटलं होतं, काळंनिळं झालं होतं, पायाला काचा लागल्या होत्या. हाड मात्र जागच्या जागी. "आजीबाईंचं वय चुकून लिहिलंय का हो?" त्यानं विचारलं. "ही हाडं चाळिशीतल्या बाईची वाटतात."

रेवानं तो फोटो तिथल्या तिथं तांबोळीबाईंना पाठवला. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"उज्ज्वलाताई, आपण इतकी वर्षं मुलांकडंच बघत बसलो, आज्यांना कुणी विचारलंच नाही. आत्यांकडं एक प्रत चांगली, एक बिघडलेली. म्हणजे कात्री आहे, पण अर्धीच. मोडायला लागावं इतकी कमी नाही आणि झिजायला लागावं इतकी जास्त नाही. तुमच्याही हाडांची तपासणी करून घ्या आजच."

उज्ज्वलानं करून घेतली. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या, गुडघे धरून उठणाऱ्या तिच्या मैत्रिणींची हाडं एव्हाना चाळणी झाली होती. तिची नव्हती. तरुण डॉक्टरनं पुन्हा वयाबद्दल विचारलं.

"दोघींवरून नियम ठरत नाही हं," तांबोळीबाईंनी बजावलं. "अशा पुष्कळ आज्या, पुष्कळ आया तपासाव्या लागतील. पण हे खरं निघालं, तर कात्री पूर्ण बंद न करता अर्धी कशी ठेवायची, ते आपल्याला तुमच्या घराकडून शिकावं लागेल."

संध्याकाळी उज्ज्वला आत्याच्या खाटेशी बसली. रेवा औषधं आणायला गेली होती. मधे टपाल नेणारं कुणी नव्हतं.

"दुखतंय का?"

"दुखणारच की, पडलेय मी." आत्यानं कूस बदलायचा प्रयत्न केला, सोडून दिला. "उज्जे, तू म्हणतीस माझी चूक झाली. झाली आसंल. पण वाईट चिंतून न्हाई आणलं गं मी तुला. माझ्या बापाचं घर मला सोडवंना. तुला आणलं म्हंजी तेवढं माहेर माझ्या घरात राहिलं. तेवढाच सोस होता."

उज्ज्वलानं आत्याच्या पायाखालची उशी नीट केली.

"आणि आता पोरीचं," आत्या म्हणाली. "मला काय त्यातलं कळत न्हाई. पण पोरगी पडायला लागली की तू धावतीस. चढायला लागली तरी धावतीस."

उज्ज्वलाला राग आला. मग जरा वेळानं राग गेला, आणि आपण त्या दिवशी जिन्यावर दोन पायऱ्या चढून का थांबलो होतो, ते तिचं तिलाच कळलं. पोरगी तेव्हा पडत नव्हती, चढत होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचे दोन कप घेऊन ती रेवाच्या खोलीत गेली.

"ते मनगट म्हणजे नेमकं काय गं?"

रेवानं तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत आईनं हे विचारलं नव्हतं. पाय कसा आहे, गोळ्या घेतल्यास का, जिना किती आहे ऑफिसला, हेच विचारायची. रेवानं फोनवर आकृती उघडली आणि सांगायला लागली. हा हात लांब आहे, ठाण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो. पण उन्हात तापतो, सावलीत गारठतो आणि मग मनगट अडकतं. जुनं मनगट जोर लावून वळवायचे, त्यानं ते झिजलं. रेवानं असं केलं की ते अडलं तर जोर न लावता आधी थोडं आत दबतं, आकसतं, आणि मग वळतं.

"हे कुठनं सुचलं तुला?"

"कुठनं म्हणजे? लहानपणी पाय प्लास्टरमध्ये असायचा माझा, आणि तू मला दुकानातच बसवायचीस. दिवसभर तुझे हात बघण्याशिवाय दुसरं काय होतं मला?"

उज्ज्वलाचा चहा निवून गेला. तिला भलता अभिमान वाटला. आपली पोरगी, जिला आपण इतकी वर्षं कापसात गुंडाळून ठेवलं, ती दुकानाच्या कोपऱ्यात बसून केवढं काही घेऊन गेली होती, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

तिनं तिथूनच तांबोळीबाईंना फोन लावला.

"डॉक्टर, पुढच्या नंबराला कळवा."

"ताई, नीट विचार केलात ना? वयाची अट—"

"विचार रेवानं केलाय. मी फक्त फोन करतेय. पुढचा नंबर कुणाचा आहे?"

"परभणीची एक मुलगी. पाच वर्षांची."

"तिच्या आईला माझा नंबर द्या. प्लास्टरमधल्या पोराला आंघोळ कशी घालायची, ते तुम्ही डॉक्टर लोक सांगत नाही."

फोन ठेवला आणि मग तिला रडू कोसळलं. भीती होती, ती काही कुठं गेली नव्हती. पण रेवानं तिच्या हातावर हात ठेवला, आणि या वेळी समजूत घालणारी रेवा होती.

निघायच्या दिवशी उज्ज्वलानं तिच्या टाळूवर तेल घातलं. अजूनही बोटाला तो मऊ खळगा लागत होता. "शिरस्त्राणाच्या आत काही टोचत नाही ना?" एवढंच विचारलं. रेवा म्हणाली, "नाही. ते माझ्या डोक्याच्या मापानं केलंय."

*

फेब्रुवारीत मनगट बसलं. त्या दिवशी रेवा ठाण्याच्या आतून यंत्रहात चालवत होती, आणि सगळ्या जगानं पाहिलं की हात अडला, थोडा आत दबला आणि मग अगदी अलगद वळला. दुकानात जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानं फक्त "हं" केलं.

उन्हाळ्यात पहिल्या सहा महिन्यांचे अहवाल आले. मोहिमेच्या प्रमुखांनी पडद्यावरून सांगितलं की अभियंता रेवा झरकर यांच्या कामामुळं ठाण्याचं आयुष्य वाढलं आहे. हे आधी सांगितलं. मग सांगितलं की सोबतच्या चौघांच्या हाडांमध्ये नेहमीसारखी घट झाली, एकाला खड्यांचा त्रासही झाला, रेवाच्या हाडांमध्ये मात्र मोजता येईल असा फरक नाही. तांबोळीबाईंनी तोवर राज्यभरातल्या आज्या तपासायला घेतल्या होत्या.

जिल्ह्याच्या वाहिनीची एक पत्रकार मुलगी कॅमेरा घेऊन दुकानात आली. नेमकी लग्नसराई, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. उज्ज्वलाच्या हातात एका नवरीचा हात होता. आत्या काठी टेकून आपल्या खुर्चीत, नंदकुमार गल्ल्यावर. मुलीनं दोन-चार गोड प्रश्न विचारले आणि मग तो प्रश्न विचारलाच.

"काकू, हा आजार तुमच्या घरात आला कुठून?"

बार्शीतल्या जुन्या बायकांना या प्रश्नाचा इतिहास ठाऊक होता. नंदकुमारनं सवयीनं मान खाली घातली.

"माझ्या माहेराहून," उज्ज्वला म्हणाली. आवाज असा की रस्त्यापर्यंत ऐकू जावा. "वैरागच्या खर्ड्यांकडून. लिहून घे."

"तिचं माहेर मागनं झालं," खुर्चीतून आवाज आला. "आधी ते माझं माहेर. तिचा बाप माझा धाकटा भाऊ."

"अर्धं तर माझ्याकडून आलंय की," नंदकुमार गल्ल्यावरून पुटपुटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्वतःचं काही म्हटलं असेल.

"आणि तुला कुणी दिलं रे?" आत्यानं काठी आपटली. "तेबी माझंच हाय."

बायका खळखळून हसल्या. पत्रकार मुलगी गोंधळून एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागली. "म्हणजे मी नाव कुणाचं घालू?"

उज्ज्वलानं नवरीच्या हातात शेवटची बांगडी भरली, तो हात अलगद सोडला आणि खुर्चीकडं वळली.

"आत्या, तुमचं माहेरचं पूर्ण नाव सांगा तिला," ती म्हणाली. "तुमचं आधी येऊ दे."